साडेपाचचा हुकूम

इंदूर, बुधवार

चिरंजीव निशांत यास लक्ष्मणमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र फार उशिरा लिहितो आहे, राग धरू नकोस. उर्वीच्या बारशाची पत्रिका आली त्याच दिवशी लिहायचं ठरवलं होतं; आता ती बसायला लागली असं तुझ्या आईकडून कळलं. तिचे कान टोचले का? (टोचले नसतील तर थंडीत टोचा, उन्हाळ्यात पिकतात.) अनुश्रीला बंगळूरचं पाणी बाधतं असं ऐकलं, तिने उकळून प्यावं. माझी तब्येत विचारशील तर गुडघे आहेत तसेच, पण आठ दिवस छातीत धडधड आहे, आणि तिचं कारण डॉक्टरला सांगण्यासारखं नाही, कारण ते आपल्या मंडळाच्या कार्यालयातल्या कपाटात बसलेलं आहे.

ते कपाट तुला आठवत असेल. कॉलेजात असताना तूच त्यात सर्व्हर बसवून दिलास आणि वाचनालय, वधूवर केंद्र आणि हॉलचं बुकिंग असे तिघांचे तीन कॉम्प्युटर त्याला जोडलेस. त्याला नऊ वर्षं झाली. वाचनालयात अजून शालिनीबाईच आहेत, वधूवर केंद्रात मालोजीराव, आणि बुकिंगला मी, मिलमध्ये हजेरी लिहून रिटायर झालेला आठवी पास माणूस. तेव्हाचे सचिव प्रतापराव मात्र दोन वर्षांपूर्वी वारले. ते गेले, पण त्यांचा हुकूम गेला नाही, हीच सगळी भानगड आहे. रोज साडेपाचला तिन्ही पडद्यांवर अक्षरं येतात, 'साडेपाच वाजले. काम आवरावे. आज्ञेवरून, प्रतापराव.' आणि दोन मिनिटांत कॉम्प्युटर आपोआप बंद. इतकी वर्षं कोणाची तक्रार नव्हती. शोकसभेत तर मालोजीराव डोळे पुसत म्हणाले की अशी शिस्त लावणारा सचिव पुन्हा होणे नाही, आणि त्याच भरात हॉलमध्ये प्रतापरावांचा फोटो लावायचा ठराव झाला.

पण गेल्या महिन्यापासून सर्व्हरचं घड्याळ पुढे पळायला लागलं. त्याचे साडेपाच आधी आपल्या पाचला वाजले, मग चारला, आणि काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. मी डब्यातली दुसरी पोळी मोडत होतो. कार्यालय उघडतं अकराला. असंच चाललं तर महिनाअखेर आम्ही कुलूप काढायच्या आत साडेपाच वाजून गेलेले असतील, मग आम्ही तिघांनी यायचं तरी कशाला? (घड्याळ मागे करा म्हणशील, तर त्याला हात लावला की 'परवानगी नाही' असं येतं.) इकडे वधूवर मेळावा तोंडावर आला आहे, एकशे चाळीस नावांची पुस्तिका छापायला जायची आहे, आणि मालोजीराव एखाद्या मुलीची उंची लिहायला घेतात तर पाच फूट लिहून होतात, इंच लिहायच्या आत मशीन मिटतं. आजवर नऊ मुली नेमक्या पाच फुटांवर अडकल्या आहेत आणि एकीचे वडील बेटम्याहून भांडायला आले होते.

शेवटी शालिनीबाईंचे भाचेजावई नीरज यांना बोलावलं. ते सिमरोलला कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळतात. त्यांनी अर्धा दिवस खपून सांगितलं, "काका, सर्व्हरवरून पॉलिसी, म्हणजे तो हुकूम, मी उडवली. पण ती हर एक मशीनमध्ये चिपकून बसली आहे. ज्याने लावली त्याचाच पासवर्ड पाहिजे." मी विचारलं, लावणारा नसेल तर? तर म्हणाले, तिन्ही मशीन धुऊन काढावी लागतील, नऊ वर्षांच्या नोंदींसकट. हे ऐकून मी खाली बसलो (खुर्ची होती, पण मी स्टुलावर बसलो).

मालोजीराव तर पेटलेच आहेत. मला म्हणाले, "भिया, जिवंत होते तेव्हा या माणसाने मला एक दिवस लवकर सोडलं नाही, आणि आता वर जाऊन दुपारी दोनला हाकलतात." त्यावर शालिनीबाई पुस्तकावर शिक्का मारता मारता म्हणाल्या, "तुम्हाला हाकलावंच लागतं, हे त्यांना वरूनही दिसतंय." झालं, त्या दोघांचं बोलणं बंद आहे, आणि दोघं आपापलं म्हणणं मला सांगतात. पुढच्या रविवारी सभा आहे. पासवर्ड कोणाला न सांगता जो खिशात घेऊन गेला त्याचा फोटो लावायचा नाही, असं मालोजीराव मांडणार आहेत आणि सात जणांच्या सह्याही झाल्या आहेत. प्रतापरावांच्या इंदुमतीबाईंनी फोटोला सागवानी चौकट करून घेतली. परवा विचारत होत्या, कोणती भिंत ठरली? मी त्यांना दोन भिंती दाखवल्या.

तर तुला त्या सर्व्हरचं काही आठवत असेल तर कळव. घरच्या सर्वांना यथायोग्य सांग.

तुझा,
लक्ष्मणमामा

ता. क. वरचं पत्र कार्यालयात लिहिलं, शालिनीबाई चष्मा पुसायच्या निमित्ताने डोकावत होत्या. आता घरून लिहितो. निशांत, तो हुकूम प्रतापरावांचा नव्हे, हे तुला आणि मलाच ठाऊक आहे. किल्ल्या माझ्याकडे असायच्या आणि मालोजीराव सात सात वाजेपर्यंत पत्ते मांडून बसायचे. मिलमध्ये भोंगा झाला की हजार माणूस उठायचा. इथे मी एका मालोजीरावांना उठवू शकत नव्हतो. म्हणून तुला म्हटलं, काहीतरी भोंगा बसव. तू विचारलंस, खाली नाव कोणाचं घालू? माझं नाव वाचून कोण उठणार होतं? मी म्हटलं, प्रतापरावांचं घाल. पुढे मालोजीराव घड्याळ मागे करायला लागले, म्हणून ते 'परवानगी नाही'चं कुलूपही मीच घालायला लावलं. प्रतापरावांना कॉम्प्युटर सुरूसुद्धा करता येत नव्हता. लोक शिस्तीबद्दल त्यांची तारीफ करायचे तेव्हा ते गप्प बसायचे, आणि मीही.

ता. क. दुसरा. तुला दोनदा फोन केला होता. एकदा तू मीटिंगमध्ये होतास, आणि दुसऱ्यांदा तू मोकळा होतास तर मी तिकडचा पाऊस विचारून ठेवून दिला. माझी खरी विनंती अशी की तू मंडळाच्या नावाने चार ओळी लिही, की हे सगळं मी विद्यार्थीदशेत आपल्या मनाने केलं, सचिवांना कल्पना नव्हती. तू लांब आहेस, तुला इथे कोणी काही म्हणणार नाही. मला मात्र रोज त्या दोघांच्या मधल्या टेबलावर बसायचं आहे. पासवर्ड त्याच पाकिटात घाल.

ता. क. तिसरा, गुरुवार. पाकीट चिकटवलेलं उघडतो आहे. वरच्यासारखं काही लिहू नकोस, एका पोरीचा बाप झालेल्या तुला मी खोटं लिहायला लावतो आहे हे रात्रभर मनात राहिलं. सभेत माझं मीच सांगेन. पण आज निराळंच झालं. इंदुमतीबाई भिंत बघायला आल्या होत्या, आणि दोनच्या सुमारास पडद्यावर ती अक्षरं आली. त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. खुर्ची ओढून बसल्या आणि बंद होईपर्यंत वाचत राहिल्या. म्हणाल्या, "घरीसुद्धा असंच म्हणायचे, आवरा आता." मालोजीराव तिथेच होते, त्यांनी सह्यांचा कागद घडी करून खिशात घातला. जाताना बाईंनी विचारलं की उद्या किती वाजता येतं, आणि शालिनीबाईंनी सांगितलं, थोडं आधीच या. आता सभेत खरं सांगितलं तर बाईंना काय वाटेल, आणि पासवर्ड आला तर ती अक्षरंही जातील. नुसतं घड्याळ नीट करून आणि कुलूप काढून अक्षरं ठेवता येतात का, एवढं पत्र मिळताच कळव. उत्तर लवकर पाठव बाबा. त्या उद्या येणार आहेत आणि त्यांच्याशी काय बोलावं ते मला सुचत नाही.