व्हिएन्नाला तारीख मागितली

४ ऑक्टोबर २००३, शनिवार
कॉलेजतर्फे व्हिएन्नाच्या मूटसाठी माझी निवड. ज्ञानदाचीही. जगभरच्या लॉ स्टुडंट्सची व्यापारी लवादाची स्पर्धा. केस खोटी, आर्बिट्रेटर खरे. आधी लेखी बाजू ईमेलने पाठवायची, मग एप्रिलमध्ये तिथे जाऊन तोंडी भांडायचं. लेखीची शेवटची तारीख ४ डिसेंबर. कॅप्टन मीच. तसं कोणी म्हटलं नाही, पण दोघांत कोर्टाचा अनुभव मलाच. सकाळी वसई कोर्टात इग्नेशियस सरांच्या हाताखाली असतो. ज्ञानदा हुशार आहे, पण पुस्तकी.

११ ऑक्टोबर
काम वाटून घेतलं. हा वाद ऐकायचा लवादाला अधिकार आहे का, हा भाग माझा. बाकी सगळं ज्ञानदाचं. उद्यापासून रोज पहाटे पाचला उठणे.

१२ ऑक्टोबर
सव्वानऊला उठलो. रविवार होता. रविवार धरायचा नाही.

९ नोव्हेंबर
लग्नांचा सीझन. आज मामेभाऊ गॉडफ्रेच्या वरातीत बँडपुढे नाचावं लागलं. नाही तर मामा रुसले असते. घरी आलो तर ज्ञानदाचा फोन. तिचा भाग झाला, माझा कुठे? सांगितलं, डोक्यात तयार आहे, फक्त कागदावर उतरवायचाय.

२६ नोव्हेंबर
इग्नेशियस सरांना विचारलं. ते म्हणाले, पहिल्याच तारखेला कागद देणारा वकील घाबरलेला दिसतो. आधी तारीख मागायची. समोरचाही मागतो, कोर्टही देतं. सर आयुष्यभर हेच करत आलेत आणि त्यांचा बंगला दुमजली आहे. एकदम हलकं वाटलं. उगाच जीवाला घोर लावून घेतला होता.

३ डिसेंबर
ज्ञानदा विरारहून घरी आली. तुझ्या भागाशिवाय पाठवूया का, म्हणत होती. अर्धवट पाठवून हसं करून घ्यायचं? ईमेलचा पासवर्ड माझ्याकडे. म्हटलं, उद्या सगळं व्यवस्थित जाईल, तू निघ. तिने पासपोर्ट काढलाय. मम्मीला दाखवला. फोटो बरा आलाय.

४ डिसेंबर
सायबर कॅफेतून अर्ज पाठवला. वकील आजारी असल्याने पुढील तारीख मिळावी, न्यायाच्या दृष्टीने योग्य तो आदेश व्हावा. सोबत डॉक्टर एडवर्डचं सर्टिफिकेट स्कॅन करून. माझा पहिला स्वतंत्र अर्ज. इंग्रजी झकास उतरलंय. ज्ञानदाला फोन करून सांगितलं, गेलं. खोटं काही बोललो नाही.

८ डिसेंबर
उत्तर आलं. खेद वाटतो, मुदत वाढवता येत नाही, पुढच्या वर्षी जरूर भाग घ्या. खेद वाटतो म्हणजे मऊ पडलेत. सर म्हणाले, पहिला अर्ज फेटाळतातच. फेरविचाराचा टाकला.

२० डिसेंबर
उत्तर नाही. म्हणजे विचार चालू आहे. रोमला शिकून आलेल्या फादर अंकलचा ओव्हरकोट आणून ठेवला. बाह्या लांब होतात. नाताळ उरकला की मम्मी आखूड करून देणार. ज्ञानदाला इतक्यात काही सांगायचं नाही, बिचारी टेन्शन घेते.

१० जानेवारी २००४
ज्ञानदाने नेटवर टीम्सची यादी पाहिली. आपलं नाव नाही. सरळ घरी आली. मम्मी चहा ठेवायला आत गेली तेव्हा तिने विचारलं, नक्की काय पाठवलं होतंस? सांगितलं. अर्ज. वाटलं, आता भांडेल. भांडली नाही. म्हणाली, मला एकदाच तिथे उभं राहून बोलायचं होतं रे. चहा न घेता गेली. तिचा कपही मीच प्यायलो. काही वाटलं नाही. रात्री जेवण गेलं नाही, बहुतेक ॲसिडिटी.

१४ फेब्रुवारी
कॉलेजात ज्ञानदा दिसली, न थांबता पुढे गेली. कामात असावी.

४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
तिकडे फेऱ्या सुरू झाल्या असतील. चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर उगाच कागद घेऊन बसलो. माझा भाग लिहून काढला. अधिकार आहे, कारण दोन्ही पक्षांनी करारात तसं कबूल केलं होतं. बाकी नुसती कलमं. मम्मीने जेवायला हाक मारायच्या आत संपलासुद्धा. इतकंच होतं. चांगला झालाय.

ज्ञानदाला वाचून दाखवावा म्हणून फोन लावला. तिच्या आईने उचलला. मी ॲन्सेल्म, म्हटल्यावर म्हणाल्या, ती घरी नाहीये. मागे ज्ञानदा विचारत होती, कोण आहे गं आई? मी म्हटलं, बरं, नंतर करतो.