लुंबिनीचं थेट प्रक्षेपण

गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५. जळोची. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. कारण फोन. साक्षीनं अमेरिकेहून पाठवलेला फोन काल हाती आला. आमच्या कॉलनीत असा फोन कुणाकडे नाही. पिंपळीच्या डेअरीवाल्या अविराजकडे आहे म्हणतात, पण तो पिंपळीत राहतो. धरत नाही.
रात्री सिम घालायला बसलो. भोक सापडेना. टाचणीनं चारही बाजू तपासल्या. ही म्हणाली, भोक नसंल त्याला. बायकोला तांत्रिक गोष्टी समजावण्यात शक्ती घालवायची नाही असं ठरवलं. लेकीनं एवढ्या लांबून पाठवलेल्या फोनला भोक नसेल?

त्याच दिवशी, दुपारी
सिद्धूकडे गेलो. झेरॉक्स, फ्लेक्स आणि मोबाईल रिपेअरिंग, तिन्ही एकाच गाळ्यात. त्यानं फोन उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, ह्याला भोकच न्हाय तात्या. ह्यात ई-सिम आसतं. आत हाय, पण दिसत न्हाय. टाचणी मात्र माइकात घालू नका.
मी म्हणालो, ते मला माहीत आहे, तुझी परीक्षा घेत होतो.

रविवार, ३० नोव्हेंबर. इंदापूर
मोहनरावांच्या घरी यात्रेची बैठक. बोधगया, सारनाथ, लुंबिनी, कुशीनगर. अडतीस यात्रेकरू, एक बस. आयोजक मोहनराव. मी तांत्रिक प्रमुख. निवड एकमतानं झाली, कारण मी स्वतःचं नाव सुचवलं तेव्हा चहा आला होता.
लुंबिनी नेपाळात. तिथं आपलं सिम चालत नाही. मी फोन टेबलावर ठेवला. म्हणालो, ई-सिम. नेपाळचं इंटरनेट इथं बसून आत घ्यायचं, सीमा ओलांडली की सुरू. मोहनराव म्हणाले, मग तुमीच बघा साहेब. बघणारच आहे. पंचायत समितीत चौतीस वर्षं विस्तार अधिकारी होतो, ते काय उगाच?

सोमवार, १ डिसेंबर. पिंपळी
आईकडे गेलो. वय सत्त्याऐंशी. गुडघे कामातून गेले. डॉक्टरांनी बसचं नावही काढू नका म्हणून सांगितलंय. दादा, म्हणजे माझे वडील, जाईपर्यंत तिला म्हणत राहिले, चतुरा, तुला लुंबिनी दाखवतो. दाखवायचं राहिलं. यात्रेचं ऐकल्यापासून आई नुसती पिशवीला बटणं लावून देते. माझ्या पिशवीला.
मी तिथंच जाहीर केलं. रविवार, एकवीस डिसेंबर, सकाळी अकरा वाजता, पिंपळीच्या विहारातल्या टीव्हीवर लुंबिनीचं थेट प्रक्षेपण. आईनं एवढंच विचारलं, खरंच दिसंल का रं रविंदर?
मी शब्द दिला. परत येताना गाडीवर जरा भरून आलं. आईसाठी काही करायचं राहिलं असेल तर ते हेच.

गुरुवार, ४ डिसेंबर
आपला नेहमीचा नंबर ई-सिमवर करून घेतला. तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, हे घरूनही होतं. मी म्हणालो, घरून कामं करणाऱ्यातला मी नाही. जुना फोन विकून टाकला. मागं वळून बघायचं नाही.

सोमवार, ८ डिसेंबर
साक्षीनं नेपाळचं ई-सिम घेतलं आणि ई-मेलवर कोड पाठवला. चौकोनी, काळ्या ठिपक्यांचा. फोननं तो स्कॅन करायचा. पण कोड फोनमध्येच. फोन स्वतःकडे कसा बघणार? अमेरिकेतल्या लोकांच्या हे लक्षात आलेलं दिसत नाही.
साक्षी म्हणाली, पप्पा, कोडवर बोट दाबून धरा, आपोआप होतं. कोड म्हणजे एक प्रकारचा शिक्काच. शिक्क्यावर बोट दाबून सिम येत असतं तर कार्यालयं कशाला हवी होती? ही म्हणाली, माझ्या फोनवर पाठवा की, आन् त्याच्याकडं तुमचा फोन धरा. हिचा फोन सहा वर्षांचा, काचेला तडा, वर दोन भोकं. त्यातून नेपाळ घ्यायचं?
महत्त्वाची गोष्ट कागदावरच घेणार.

बुधवार, १० डिसेंबर
सिद्धूच्या झेरॉक्स मशीनची शाई संपत आलेली. कोड आला तो बुरशी लागल्यासारखा. मग सिद्धूच म्हणाला, फ्लेक्सवर काढू, क्लिअर येतंय. चार बाय सहा. विचार पटला. कोड जितका मोठा तितका फोनला वाचायला सोपा. मग म्हणाला, नुसता कोड बरा दिसंना, फोटू टाकू. माझा गॉगलमधला फोटो त्याच्याकडे होताच, निवृत्तीच्या फ्लेक्सचा. वर 'लुंबिनी यात्रेस हार्दिक शुभेच्छा'. खाली मी, हात जोडून. बाजूला दोन फुटी कोड.
फ्लेक्स चांगला झालाय. कोड तर फारच उठून दिसतो.

शनिवार, १३ डिसेंबर. पिंपळी
जळोचीची गॅलरी तीन फुटांची, फ्लेक्स मावेना. म्हणून पिंपळीत विहारासमोर दोन खांबांना बांधला. उद्या सकाळी आईला खुर्चीवर बसवायचं, सगळ्यांसमोर फोन वर धरायचा आणि नेपाळ आत घ्यायचं. तिलाही बरं वाटेल. ही म्हणाली, रातभर उघड्यावर ठेवताय व्हय? मी म्हणालो, फ्लेक्स वॉटरप्रूफ असतो.

रविवार, १४ डिसेंबर. रात्री
लिहावंसं वाटत नाही, पण नोंद हवी.
सकाळी नऊ वाजता आई खुर्चीवर, मंडळी जमलेली. फोन वर धरला. फोननं इंग्रजीत कळवलं की हा कोड वापरला गेला आहे. पुन्हा धरला. पुन्हा तेच. पायरीवर चढून धरला. तेच.
चौकशी केली. निष्पन्न झालं ते असं. काल संध्याकाळपासून निम्म्या गावानं हा कोड स्कॅन केला. लोकांना वाटलं, साहेबांनी यात्रेची वर्गणी मागितली. फ्लेक्स, हात जोडलेला माणूस आणि कोड असं एकत्र दिसलं की आपल्याकडे माणूस काही विचारत नाही, खिशातून फोन काढतो. ही सवय गावाला कुणी लावली? मीच. नोकरीत असताना घरपट्टी कोडवर भरा म्हणून ग्रामपंचायतीच्या दारात असाच फ्लेक्स लावला होता. माझं काम किती खोलवर रुजलंय ते आज कळलं.
बाकीच्यांच्या फोनला काही जमलं नाही. पण अविराजचा फोन आमच्यासारखाच. बिचारा पुढं येऊन म्हणाला, तात्या, पैशे काय जाईनात. ते कंटिन्यू कंटिन्यू म्हणत गेलं, म्या दाबत गेलो. आता माझ्या फोनमधी नेपाळ आलंय.
मी त्याला यात्रेला चल म्हणालो. तो म्हणाला, दोन टायमाचं दूध कोण घालंल? मी म्हणालो, मग फोन तरी दे. तो म्हणाला, सगळ्या गवळ्यांचे नंबर ह्यातच हायती. थोड्या वेळानं आपण होऊन आला. म्हणाला, तुमचं तुमाला राहू द्या तात्या, म्या माझ्याकडनं काढून टाकलंय. पण कोड एकदाच चालतो. तेव्हा नेपाळ त्याच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. कुठं गेलं ते कुणालाच सांगता येईना.
आई म्हणाली, न्हाय दिसलं तरी चालंल रं. हे वाक्य मला दिवसभर टोचतंय.

सोमवार, १५ डिसेंबर. बसमध्ये
इंदापुरातून वेळेवर निघालो. साक्षीनं दुसरं ई-सिम घेऊन पाठवलं. म्हणाली, ह्या वेळी फ्लेक्स नको पप्पा. हल्लीच्या पिढीत सूचना देण्याचं प्रमाण वाढलं आहे.

मंगळवार, १६ डिसेंबर. मध्य प्रदेशात कुठंतरी
मला एक युक्ती सुचली. कोड हिच्या फोनवर पाठवला आणि त्याच्याकडे माझा फोन धरला. दोन मिनिटांत काम फत्ते. फोनमध्ये आता दोन सिमं, एक आपलं, एक नेपाळचं. अशा युक्त्या चालत्या बसमध्येच सुचतात. हिला सांगितलं तर ही खिडकीतून बाहेर बघत बसली.

शनिवार, २० डिसेंबर. सोनौली, सीमेवर. दुपारी
बस थांबल्यावर ड्रायव्हरचा माईक घेऊन सगळ्यांना दहा मिनिटं मार्गदर्शन केलं. मुख्य मुद्दा, परदेशात पाऊल टाकण्याआधी रोमिंग बंद. माझ्या ओळखीच्या एका मुख्याध्यापकांनी दुबईत रोमिंग चालू ठेवलं, आजतागायत त्यांच्यापुढं कुणी बिलाचा विषय काढत नाही. सर्वांकडून रोमिंग बंद करून घेतलं. स्वतःचं दोनदा तपासलं. बंद.
परत येऊन बघतो तर ही सीटवर नाही. समोरच्या दुकानात उभी. मतदान कार्ड दाखवून दुकानदारणीकडून नेपाळी सिम घेतलं आणि आपल्या तडा गेलेल्या फोनच्या दुसऱ्या भोकात घातलं. म्हटलं, हौस आहे, होऊ दे.

रविवार, २१ डिसेंबर. लुंबिनी. सकाळी १०.१०
पोहोचलो. आत मोठी बाग, मंदिर, अशोकाचा स्तंभ. मोहनरावांनी रांगेत थांबा म्हणून सांगितलं. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढं, मी यंत्रणा सुरू करून आलोच. नेटवर्कच्या काड्या पूर्ण आहेत.

१०.२५
काड्या पूर्ण, इंटरनेट नाही. नेपाळी इंटरनेटला गरम व्हायला वेळ लागत असावा.

१०.४०
फोन बंद करून चालू केला. बाहेर मोकळ्या जागेत आलो. झाडांमुळे अडथळा येतो.

१०.५०
तिकीट खिडकीच्या कट्ट्यावर चढलो. पहारेकऱ्यानं उतरायला लावलं. विमानाचं चिन्ह दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं.

११.००
पिंपळीत टीव्ही लावला असेल. आईला नवं लुगडं नेसवून पुढं बसवलं असेल. समोर काळा पडदा.

११.२०
गेटपासून हमरस्त्यापर्यंत फोन वर धरून चालत गेलो आणि आलो. चीवर घातलेल्या एका भन्तेजींनी थांबून माझ्याकडे बघितलं आणि मंद हसले. मला मात्र रडू येईल असं वाटलं. मी आईला शब्द दिला होता. सगळ्यांच्या देखत दिला होता. दादांचा राहिला तो राहिला, आता माझाही.

१२.४५
मंडळी दर्शन करून बाहेर आली. ही सगळ्यात पुढं. चेहरा उजळलेला. म्हणाली, माझ्या फोनवरनं व्हिडिओ कॉल लावून आत्याबाईंना दाखवलं सगळं. तळं दाखवलं, खांब दाखवला, झाडाला बांधलेल्या पताका दाखवल्या. अविराजनं त्याचा फोन टीव्हीला जोडला व्हता. विहारात सगळ्यांनी हात जोडलं. आत्याबाई रडल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाली, तुमाला लई हाका मारल्या, तुमी कुठं व्हता?
थेट प्रक्षेपण ठरल्याप्रमाणे पार पडलं. तांत्रिक प्रमुख या नात्यानं मी समाधानी आहे. आधी जाहीर केलं की कामं होतात.
मी आत जाऊन येतो म्हणालो. मोहनराव म्हणाले, साहेब, कुशीनगर गाठायचंय, अंधाराच्या आत. अडतीस माणसं बसली हायती. बसलो.

सोमवार, २२ डिसेंबर. कुशीनगर. लॉजच्या वाय-फायवर
साक्षीचा फोन. म्हणाली, पप्पा, ई-सिमचं डेटा रोमिंग चालू केलं होतं ना? ते परदेशातलंच असतं, रोमिंग चालू केल्याशिवाय नेट येत नाही. बिलही येत नाही, आधीच भरलेलं असतं.
मी तिला सांगितलं, माझ्या हयातीत मी रोमिंग चालू केलेलं नाही. तिचा फोन कट झाला. लाईन खराब असावी.

शनिवार, २७ डिसेंबर. पिंपळी. संध्याकाळी
परत आलो. विहारात सत्कार. मोहनरावांनी शाल हिला घातली. घाईत झालं असेल.
मग घरी आईजवळ बसलो. आई कॉटवर, माझा हात हातात घेऊन. तिनं सांगितलं, तळ्यातलं पाणी कसं हिरवंगार हाय, खांबाभोवती कुंपण हाय, पताका वाऱ्यानं कशा फडफडत व्हत्या. मी मान डोलावत होतो. असेल तसं.
मग आई थोडं पुढं सरकली. म्हणाली, पर मंदिराच्या आतलं न्हाय दिसलं. आत फोन काढू देत न्हाईत म्हणं. म्हनलं, आसू दे, रविंदर आल्यावर सांगंल. सहा दिस झालं, तुझीच वाट बघतीया. जिथं जन्म झाला ती जागा कशी हाय रं?
दारात ही, अविराज आणि शेजारची दोन माणसं उभी. मी घसा साफ केला. चौतीस वर्षांत कुठलाही अहवाल मला जागा न बघता लिहिता आला आहे. हा आला नाही. म्हणालो, आई, मी बाहेरच होतो.
आई म्हणाली, बाहेरचं तर म्या बघितलंय की.
मग हिनं सांगितलं. मीही आईशेजारी बसून ऐकलं.