सांडव्यावरच्या जाळीबाबत

मी, यशवंत सोनबा कौदरे, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी, राहणार चाकणजवळ, पूर्ण शुद्धीत हे लिहीत आहे. माझ्यावर कोणा माणसाचा दाब नाही. भीती आहे, पण ती पाण्याची आहे.

राहते घर आणि बँकेतली ठेव मुलगा ज्योतीराम व थेरगावला दिलेली मुलगी मंजुषा यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. घरावरून भांडू नये.

वडिलांच्या वेळचे मासळीचे तळे ज्योतीरामला देतो. तळ्याच्या बांधाखाली त्याने कंपनीतल्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या काढल्या. तिथे गोठाही नको, असे मी म्हणालो होतो. वर सांडव्याला, म्हणजे जादा पाणी जाण्याच्या वाटेला, त्याने लोखंडी जाळी ठोकली; पुरात रोहू-कटला मासे वाहून जाऊ नयेत म्हणून. गेल्या श्रावणात त्या जाळीत जलपर्णी आणि प्लास्टिक अडकले. पाणी बांधाच्या माथ्याला टेकले. मी कसाबसा चढून पहारीने जाळी उचकटली.

"आबा, सगळा मासा घालवला तुमी!"

"खाली माणसं हायत, ज्योती."

"बांध काय आजचा हाय व्हय? आजोबांपासून उभा हाय."

आजोबांच्या वेळी जाळी नव्हती, हे तो ऐकून घेत नाही. दिवाळीनंतर त्याने आणखी बारीक जाळी बसवली. भावकीतला पिंटू हसतो, "आबांना पाण्यानं झपाटलंय." पिंटूला माझी छत्री द्यावी. दुसरे काही नाही.

आता गुडघे बांध चढू देत नाहीत. मी नसताना जाळी कोण काढील?

म्हणून शर्त अशी, की मृगापासून दसऱ्यापर्यंत सांडवा मोकळा ठेवावा. मासा गेला तर जाऊ द्यावा. त्या काळात जाळी दिसली, तर तळे मंजुषाचे.

आणि सांडव्यावर केव्हाही जाऊन जाळी तोडण्याचा हक्क पहिल्या खोलीतल्या भाडेकरू रुक्साना यांना देतो. ज्योतीरामने त्यांना अडवू नये, खोली सोडायला सांगू नये. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "आबा, मला माशांतलं काय कळतंय?"

मी म्हणालो, "बाई, तुमची पोरं बांधाखाली निजतात. तेवढं पुरे."

माझी पहार कालच त्यांच्या दाराआड ठेवून आलो. ती परत मागू नये.

सही : यशवंत सोनबा कौदरे

आबांनी आमच्यासमोर वाचून सही केली. बोलणे स्वच्छ होते.
साक्षीदार : १. गुलजार शेख, गॅरेजवाले २. कुलदीप टोपे, शेजारी

चाकण, १ जून २०२५