बाकावरचा एकोणिसावा

मेलबर्न,
रविवार, ११ सप्टेंबर १९७७

प्रिय ताई,

तुझं पत्र बुधवारी पोचलं. आम्ही दोघं ठीक आहोत. डोरीनची कंबर धरलीय, तरी खिडकीत टोमॅटोचं बी टाकून रोज सकाळी त्याच्याकडे डोळे लावून बसते. भावजींचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, दिवसभर धान्याच्या सायलोवर गव्हाची धूळ नाकात जाते ती पुरे आहे, वर पाइप ओढायची गरज नाही. ते ऐकणार नाहीत, पण मेव्हण्याने सांगितलं एवढं तरी होईल.

खरं तर फोनच करणार होतो. पण टेलिफोन एक्स्चेंजवर तुझ्या शेजारच्या खुर्चीत ती आयव्ही कानाला यंत्र लावून बसलेली असते, म्हणजे माझं बोलणं तुझ्याआधी गावाला कळायचं. म्हणून कागद घेतला.

तू सरळ विचारलंयस, मीही सरळ सांगायचा प्रयत्न करतो. गावच्या फुटबॉल क्लबाने रसेलला कप्तान आणि कोच म्हणून बोलावलंय, महिनाअखेर उत्तर हवंय, आणि मेलबर्नमध्ये त्याचं पुढे काय ते मी निवड समितीत असल्यामुळे मला ठाऊक असणार, असं तुझं म्हणणं. ताई, समितीत मी आहे खरा. पण तिथे माझं काम बाकीच्यांच्या सिगारेटींचा धूर खायचं आणि वर्षातून दोनदा तोंड उघडायचं.

तुझा मुलगा चांगला खेळतो. हे मी मामा म्हणून म्हणत नाही. दोन्ही पायांनी चेंडू मारतो, आपल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलला लागते तशी उंच उडी घेऊन हातांनी झेलतो, मागे लावा, मध्ये लावा, कडेला लावा, कुठेही उणा पडत नाही. आणि तेच त्याच्या मुळावर आलंय. ज्याला एकच जागा येते त्याला ती जागा मिळते. रसेलला सगळ्या येतात, म्हणून कोच म्हणतो, याला बाकावर ठेवा, कुणाचंही काही मोडलं तरी हा चालेल. मग अठरा जण मैदानात, आणि हा एकोणिसावा, क्लबचा तो जाड लोकरी गाऊन अंगावर घालून हद्दीबाहेर बसलेला. बदली एकदा केली की बाहेर आलेला गडी परत आत जाऊ शकत नाही, त्यामुळे शहाणा कोच एकोणिसाव्याला शेवटपर्यंत हात लावत नाही. पोरगा पाऊण सामना थंडीत बसून राहतो. मागून लोक ओरडतात, "ए एकोणीस, गादी आणून देऊ का?" परवा एका म्हातारीने त्याला खरंच उशी दाखवली. तो हसला. त्याचं हसणं तुझ्यासारखं आहे, फक्त ओठांचं.

दोन मोसम हेच चाललंय. कधी शेवटची दहा मिनिटं मिळतात, कधी तीही नाहीत, घामाचा थेंब न येता आंघोळ करून घरी येतो.

शेवटच्या सामन्यात मात्र त्याला सामन्याचा अख्खा पाव हिस्सा खेळायला मिळाला, नोएल टूहीचा गुडघा गेला म्हणून. नोएल म्हणजे तोच लाल केसांचा, रसेलच्या खोलीत राहणारा, ईस्टरला तुझ्याकडे येऊन भाजलेलं मटण तीनदा मागून घेणारा. त्याच्या जागी रसेल गेला आणि असा खेळला की माझ्याशेजारचा माणूस बिअर प्यायचा विसरला. त्या दिवसाबद्दल आणखीही सांगण्यासारखं आहे, पण ते राहू दे.

मंगळवारी बैठक आहे. पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं ते तिथे ठरेल. तू गावच्या क्लबाला थोडं थांबव. काळजी करू नकोस, मी आहे तिथे.

तुझा धाकटा भाऊ आणि रसेलचा मामा,
क्लॅरी


मेलबर्न,
रविवार, ९ ऑक्टोबर १९७७

प्रिय ताई,

तुझं आभाराचं पत्र आलं. डोरीनने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि शेल्फवर उभं करून ठेवलं. मी ते दोनदा आडवं केलं. ती पुन्हा उभं करते.

इथे हवा बरी आहे. टोमॅटो उगवले. डोरीनची कंबर तशीच. मला ते आभार नको आहेत, ताई, आणि का नकोत ते सांगायला बसलोय. पत्र आयव्हीपासून लांब जाऊन वाच. भावजींना दाखवायचं की नाही ते तू ठरव.

मागच्या पत्रात जे राहू दे म्हटलं होतं ते आधी सांगतो. नोएलचा गुडघा गेला तेव्हा मी बाकामागे दुसऱ्या रांगेत होतो. तो चेंडूवर झेपावला, दोघे त्याच्या अंगावर आले, आणि तो अजून खाली पडायचा होता, शिट्टी वाजायची होती, तोवर रसेल उभा राहिला होता. गाऊन अंगावरून काढून जमिनीवर टाकलेला. कोचने हाक मारलेली नव्हती. मग नोएल किंचाळला. तो आवाज सगळ्या मैदानाने ऐकला, आणि बाकाजवळच्या लोकांनी रसेलला असं तयार उभं असलेलं पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "याला आधीच कळलं वाटतं." काही जण हसले.

कोच खूश. "असा पाहिजे, भुकेला," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रसेल आमच्याकडे जेवायला आला. डोरीनने वाढलं, त्याने काटा हातात घेतला आणि तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "मामा, मी तेच मागत होतो."

मी म्हटलं, "काय मागत होतास?"

"कुणाचं तरी काहीतरी मोडू दे. दर शनिवारी बसल्या बसल्या हेच. नोएलच्या पायाकडे बघत होतो मी. ज्याच्याबरोबर एका खोलीत राहतो, त्याच्या पायाकडे. आणि मोडल्यावर मला बरं वाटलं, मामा. एक क्षण खूप बरं वाटलं."

डोरीन म्हणाली, "अरे, असं सगळ्यांनाच वाटत असेल." तो म्हणाला, "मग सगळ्यांनी बाकावर बसून बघावं." काटा खाली ठेवून गेला. नोएलला बघायला इस्पितळात गेला तेव्हा दारापर्यंत जाऊन परत आला, हे नोएलच्या आईने मला सांगितलं. तिला वाटलं पोरगा लाजाळू आहे.

आता त्या मंगळवारच्या बैठकीचं. मी तुला लिहिलं होतं, काळजी करू नकोस, मी आहे तिथे. होतो ना. कोच म्हणाला, "रसेल पुढच्या वर्षी हवाच. एकोणिसावा म्हणून त्याच्यासारखा गडी शहरात नाही. पाच वर्षं बसवीन त्याला तिथे." सगळ्यांनी माना डोलावल्या. तुझ्या मुलाला ते ठेवणारच होते, ताई. तुला वाटतंय त्यांनी काढला आणि मी त्याच्यासाठी भांडलो. उलटं आहे.

माझ्या डोळ्यांसमोर तो काटा धरून बसलेला दिसत होता. आणखी पाच वर्षं हा पोरगा मित्रांचे गुडघे मोजत बसणार, आणि एक दिवस त्याला त्याचं काहीच वाटेनासं होणार. मला ते बघवलं नसतं. पण हे त्या खोलीत बोलता येत नाही. तिथे मी म्हटलं असतं की पोराच्या मनाला लागतंय, तर त्यांनी हसून मला बिअर दिली असती आणि पुढचं नाव घेतलं असतं. तुला माहीत आहेत ही माणसं. तूही यांच्यातच वाढलीस. त्यांना फक्त एक गोष्ट कळते, तीच मी म्हटली. "त्याच्यात धमक नाही," म्हटलं. "वेळ आली की तो कच खातो. मी घरचा आहे, मला ठाऊक."

कोच माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सख्खा मामाच म्हणतोय म्हटल्यावर प्रश्न मिटला." आणि रसेलचं नाव खोडलं. त्याच्या जागी टास्मानियाचा कुणी पोरगा घेतलाय.

मला वाटलं, सुटला. गावी जाईल, कप्तान होईल, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्यापर्यंत खेळेल, कुणाचं वाईट चिंतायचं कारण उरणार नाही. घरी येऊन त्या दिवशी चांगला जेवलो मी.

आता पुढचं ऐक. लीगने नियम बदललाय. पुढच्या मोसमापासून बाकावरचे दोन गडी, एकोणिसावा आणि विसावा, हवे तेव्हा आत जाणार, हवे तेव्हा बाहेर येणार, आलेला परत जाणार. कुणाचं काही मोडायची वाट बघायला नको. कोण दमला, की दुसरा आत. कुठेही खेळू शकणारा, दोन्ही पायांचा, बसल्या जागेवरून उठून पळणारा गडी आता प्रत्येक संघाला हवाय. असा एक गडी आमच्याकडे होता. बातमी वाचली तेव्हा मी डेपोत होतो, ट्राम सुटायची वेळ झाली होती, आणि माझ्या हातून ट्राम चालवायचा दांडा फिरेना. मागून कंडक्टर ओरडला, "क्लॅरी, काय झोपलास काय?"

त्याच दिवशी कोचच्या मटणाच्या दुकानात गेलो. तो मटण तोडत होता. म्हटलं, "स्टॅन, रसेलचं चुकलं माझं. त्याला परत घे." त्याने सुरी खाली ठेवली नाही. म्हणाला, "पाय जड असला तर मी कसून घेतला असता, क्लॅरी. झेल सुटत असले तर शिकवलं असतं. धमक नाही म्हटल्यावर काय करू? आणि ते तू म्हणालास. परक्याने म्हटलं असतं तर मी त्याचं नाक फोडलं असतं."

मी म्हटलं, "मी खोटं बोललो."

"तेव्हा की आत्ता?" म्हणाला, आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

दुसऱ्या क्लबांकडेही शब्द टाकून पाहिला. सगळीकडे ते वाक्य माझ्याआधी पोचलं होतं.

आणि ते रसेलपर्यंतही पोचलंय. दहाएक दिवसांपूर्वी आला होता, क्लबचा गाऊन परत करायला. धुऊन, इस्त्री करून, घडी घालून आणला होता. म्हणाला, "मामा, मला काढलं त्याचं काही नाही. पण समितीत कुणीतरी म्हणालं म्हणे, याच्यात धमक नाही. कोण म्हणालं?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"तू तिथेच होतास ना?"

"गोंधळ होता रे. सगळे एकदम बोलत होते. मी भांडलो तुझ्यासाठी."

का म्हणालो असं, देव जाणे. तोंडातून निघून गेलं. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "तू होतास म्हणून बरं. नाहीतर मला वाटलं असतं ते खरंच आहे." डोरीन चहा घेऊन आली, तिच्यासमोर त्याने पुन्हा सांगितलं, मामा माझ्यासाठी भांडला. तेच त्याने तुला कळवलं, आणि तुझं पत्र आलं.

आता मी त्याला खरं सांगितलं तर? तो विचारेल, मामा, तुला तसं वाटतं का. मी म्हणेन, नाही. तो कशावरून मानेल? ज्या माणसाने ते म्हटलं तोच नाही म्हणतोय. म्हणून मी गप्प बसलो. आणि भित्रा आहे म्हणूनही बसलो. धमक कुणात नव्हती हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

गावच्या क्लबाला हो म्हणून तो शनिवारच्या गाडीने निघतोय. तुझ्याकडे पोचेपर्यंत संध्याकाळ होईल. त्याला आधी जेवू घाल, बारीक झालाय. नोएलचं नाव आपण होऊन काढू नकोस. गावातली माणसं खांद्यावर थाप मारतील, कप्तान म्हणतील, आणि तो ओठांनी हसेल. मग कधीतरी भांडी आवरताना तुझ्याजवळ येऊन उभा राहील आणि विचारेल, "आई, कोण म्हणालं असेल गं ते?"

तुला आता माहीत आहे. काय सांगायचं ते मी तुला सांगू शकत नाही. मी खूप सांगून बसलोय.

तुझा धाकटा भाऊ,
क्लॅरी