गुलाबी फळांचा पहिला तोडा

एल सेद्राल, जानेवारी

प्रिय युरानी,

फोनवरच बोलले असते, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू विचारतेस, "डोन्या फ्लोर, तब्येत काय म्हणते?" मी म्हणते, "पाऊस फार आहे." आणि संपलं आपलं बोलणं. हल्ली तर दर रविवारी तू काहीतरी सांगायला तोंड उघडतेस आणि शेवटी तुझ्या त्या नेइवा शहरातल्या उकाड्यावर घसरतेस. म्हणून आज कागद घेतला. कॉफीचा तोडा संपला, फळांचा गर काढायचं यंत्र धुऊन पुसून झाकून ठेवलं, आणि आता अंगणात उन्हाला पाठ करून बसले आहे. मध्येच कोंबड्या पायात येतात, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे.

पहिली बातमी तुझ्या झाडांची. ओढ्याच्या वरच्या उतारावर तू गुलाबी फळांच्या बोर्बोन कॉफीची रोपं लावून गेलीस, तेव्हा ती माझ्या गुडघ्याएवढीसुद्धा नव्हती. यंदा त्यांना पहिलं भरघोस पीक आलं. फांद्या अशा वाकल्या की काहींना टेकू द्यावे लागले. शेजारचा एलिएसेर कुंपणापाशी येऊन बघून गेला. तुला आठवतं ना, रोपं लावली तेव्हा हाच म्हणाला होता, "कॉफी लाल असते हो डोन्या फ्लोर! गुलाबी झाडं पोरींच्या पंधराव्या वाढदिवसाला मांडवात ठेवायची असतात." आता विचारतो, "थोडं बी मिळेल का?" मी म्हटलं, "का रे, घरात कुणाचा वाढदिवस आहे?" बिचारा टोपी काढून हसला. बी दिलं त्याला. शेजारी आहे, आणि गेल्या पावसात त्याचा अर्धा उतार मातीसकट ओढ्यात गेला, तेव्हापासून तोही तणनाशकाचा पंप बाहेर काढत नाही. आपला उतार जागचा हलला नाही. तू सावलीसाठी लावलेल्या ग्वामोच्या झाडांनी आणि त्या खालच्या गवताने माती धरून ठेवली. याच गवतावरून मी तुला किती बोलत असे! माझ्या नवऱ्याच्या वेळी कॉफीखालची जमीन अंगणासारखी लख्ख असायची. मला वाटायचं, सुनेनं माझ्या मळ्याचं रान करून टाकलं.

खरं म्हणजे मला तेव्हा कशाचंच भान नव्हतं. एदिल्सोन त्या बाईबरोबर फ्लोरेन्सियाला निघून गेला, तेव्हा सगळ्या एल सेद्रालला वाटलं, आता ही पोर बॅग भरणार. तू फावडं उचललंस. मी दार लावून रडत बसले होते, आणि तू बाहेरून म्हणालीस, "डोन्या फ्लोर, रडायचं तर रडा, पण रोपांच्या पिशव्या भरता भरता रडा. माती तेवढीच ओली होईल." त्या दिवशी मला तुझा इतका राग आला, आणि त्या रागातच मी उठले. मुलगा माझा गेला होता आणि नवरा तुझा. कुणी कुणाला सावरायचं हेही आपण ठरवलं नाही. एकीनं चूल पेटवली की दुसरी कोयता घेऊन उतारावर, असं चाललं. वर्षं निघून गेली.

मग तुला जा म्हणणारीही मीच. तू पाव भाजायला शिकायचं म्हणत होतीस आणि दर वेळी माझ्या गुडघ्यांचं निमित्त काढून थांबत होतीस. मी म्हटलं, "माझे गुडघे माझे मी बघेन. तू इथं माझ्या सोबतीला म्हातारी झालीस तर मला ते झेपणार नाही." तू नेइवाच्या बसमध्ये चढलीस आणि मागे वळून बघितलं नाहीस. बरं झालं. मी काही बघण्यासारखी दिसत नव्हते.

तर तोड्याचं सांगत होते. गुलाबी फळ पिकलं की नाही हे ओळखणं महाकठीण. लाल फळ आपण होऊन सांगतं, हे मात्र लाजतं. पहिल्या दिवशी बायकांनी अर्ध्या टोपल्या कच्च्या आणल्या. मग मी पुरतं पिकलेलं एकेक फळ टाचणीनं प्रत्येकीच्या बाहीवर लावलं आणि सांगितलं, याच्याशी रंग जुळला तरच हात लावायचा. नूबिया म्हणाली, "लिपस्टिक घ्यायला आलोय की कॉफी तोडायला?" दिवसभर तेच चाललं होतं. कुणी चुकलं की बाकीच्या ओरडायच्या, "अगं, ही छटा तुला शोभत नाही!" असा हसत झालेला तोडा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

हसू टिकलं वाळवणापर्यंत. बिया आंबवून, धुऊन छपराखाली पसरल्या आणि आभाळ भरून आलं ते हटेचना. प्लास्टिकच्या छपराखाली दमट हवा नुसती कोंडून राहिली. तेवढ्यात पितालितोहून रुबिएल व्यापारी ट्रक घेऊन हजर. बी मुठीत धरून म्हणाला, "ओलीच देऊन टाका डोन्या. बुरशीचा वास धरला की डुकरंही तोंड लावणार नाहीत, मग मला हाक मारू नका." युरानी, मी घाबरले. तो खोटं बोलत नव्हता. पण ओली विकली की ती त्याच्या ढिगात जाणार, आणि तुझ्या झाडांची चव कुणालाच कळणार नाही, मलासुद्धा नाही. मी म्हटलं, "रुबिएल, ट्रक रिकामा घेऊन जायचं तुला जड जात असेल तर केळी ने." तो खरंच दोन घड घेऊन गेला.

मग नूबिया आणि मी लागलो कामाला. थर पातळ केले, बिया सारख्या हातानं परतत राहिलो. जागा पुरेना तेव्हा तुझ्या खोलीतला पलंगही बाहेर काढला आणि तिथं जाळ्या मांडल्या. वारा आला की छपराच्या बाजू वर, सर आली की खाली. चिडून मी मोठ्यानं म्हणत होते, "झाडं लावून स्वतः गेली नेइवाला पावाच्या वासात बसायला!" नूबिया म्हणाली, "फोन करून तिलाच सांगा की." तुला नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तू पहिली बस पकडली असतीस. शेवटी ऊन आलं. बी दातानं फोडून पाहिली, कट्टकन आवाज आला, म्हणजे पुरती वाळली.

कॉफीवाल्यांच्या सहकारी संस्थेनं नमुना पुढे पाठवला आणि नॉर्वेहून कॉफी खरेदी करणारी मारित नावाची बाई आली, उंच, उन्हानं नाकाचा शेंडा लाल झालेली. बरोबर दुभाष्या म्हणून बोगोताचा कामिलो. पितालितोच्या प्रयोगशाळेत पेल्यांची रांग मांडली आणि सगळे चव बघायला चमच्यानं कॉफी अशी जोरात ओढायला लागले की मला हसू आवरेना. लहानपणी असं सूप प्यायले असते तर आईनं पाठ मऊ केली असती. आपल्या पेल्यापाशी मात्र मारित थांबली. पुढे गेली, पुन्हा मागे आली. कामिलोनं सांगितलं, तिला त्यात संत्रं लागतंय, जाईचं फूल लागतंय, उसाची काकवी लागतेय. मला विचारलं, तुम्हाला काय लागतंय? मी म्हटलं, "मला कॉफी लागतेय, पण फार चांगली." सगळं पीक तिनं घेतलं. भाव मनासारखा मिळाला, आणि पुढचं पीकही तिनंच मागितलं आहे, फवारणी न करता, सावलीखालचं, असंच.

पण खरी गंमत पुढची. पिशवीवर छापायला त्यांना माझा फोटो हवा होता. कामिलो म्हणाला, जुनी शाल घ्या, पडक्या गोठ्यासमोर उभ्या राहा, आणि जरा दूर कुठेतरी बघा. तिकडच्या लोकांना गरीब विधवेची गोष्ट आवडते म्हणे. मी म्हटलं, "बाळा, विधवा आहे हे खरं, पण कॉफी मी विधवा म्हणून पिकवत नाही." आत जाऊन सान पेद्रोच्या जत्रेचा फुलाफुलांचा झगा घातला, ओठ रंगवले, आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसले. कामिलोनं मला काय सांगितलं होतं ते मारितला कळल्यावर तिनं त्याला असं झापलं की त्याचे कानच लाल झाले. म्हणाली, हाच फोटो लागणार. मग तिनं विचारलं, पिशवीवर नाव काय घालू? मी म्हटलं, "फ्लोराल्बा आणि युरानी." युरानी कोण? सून. कामिलोनं पडताळून घ्यायला विचारलं, "पण घटस्फोट झालाय ना? मग माजी सून." मी म्हटलं, "माजी महापौर असतो रे. सून माजी कशी होईल?" त्यानं ते भाषांतर करून सांगितलं की नाही कोण जाणे, पण त्या बाईनं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

आता ज्याच्यासाठी एवढा कागद भरला ते लिहिते. तुझी ओनेइदा मावशी मागच्या शनिवारी बाजारात भेटली आणि तिच्या तोंडून निसटलं. हेर्नान रुग्णवाहिका चालवतो, शांत आहे, तुला हसवतो, आणि फेब्रुवारीत तुम्ही नोटरीकडे जाऊन लग्न करताय. मला कळलं तर मी दुखावेन म्हणून तू रविवारमागून रविवार ढकलते आहेस, हेही तिनं सांगितलं. वेडी आहेस. एदिल्सोन माझा मुलगा आहे आणि मरेपर्यंत राहील, पण त्याच्यापायी तुझा आनंद माझ्यापासून लपवायची वेळ तुझ्यावर यावी, एवढी काही मी त्याची आई नाही. तुझी आई तुला चालता येण्याआधी गेली. त्या दिवशी तुझ्या बाजूनं कुणीतरी बाईमाणूस उभं राहायला हवं, कुणीतरी केस नीट करून द्यायला हवेत, कुणीतरी उगीच रडायला हवं. ती जागा दुसऱ्या कुणाला दिली असशील तर परत घे. मी आदल्या दिवशीच्या सकाळच्या बसनं निघते. नेइवात मला रस्ते कळत नाहीत, तेव्हा स्टँडवर न्यायला हेर्नानला पाठव, आणि त्याला आधीच सांगून ठेव, सासूबाई येत आहेत.

तुझीच,
फ्लोराल्बा