चुलीच्या डाव्या हाताला

आत्रेयपुरम,
१६ नोव्हेंबर, कार्तिक पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय मंगतायारूअक्का,

भ्रमराचा वाकून नमस्कार. भावोजींनाही सांग. अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत आणि दोन ओळींत बोटभर जागा सोडली आहे, म्हणजे तुला सुनेकडून वाचून घ्यावं लागणार नाही. हे पत्र तू एकटीनेच वाच. घाई काही नाही.

इकडे सगळं ठीक. म्हैस व्याली, रेडी झाली. पहिले दोन दिवस म्हैस तिला जवळ घेईना, आता एक क्षण सोडत नाही. आमची हारिका काकिनाड्याला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षात आहे, फोनवर मला माझंच ब्लडप्रेशर समजावून सांगते. यांचे गुडघे दुखतात, पण तक्रार आमच्यापेक्षा म्हशीकडे जास्त असते. काल घाटावर केळीच्या सोपटात दिवे सोडले. तुझ्या नावाचाही सोडला. बाकीचे सरळ गेले, तुझा जरा रेंगाळला, दोनदा काठाला येऊन बघून गेला आणि मग निघाला.

यंदा लिंबाचं लोणचं चांगलं जमलं आहे. कुणी तिकडे येणारं भेटलं की बरणी पाठवते.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, असं तू म्हणशील. पण फोन उचलला की तुझा पहिला प्रश्न ठरलेला, "ऑफिसातून आलीस का?" दसऱ्यापासून मी तीनदा "हो" म्हणाले आहे. चौथ्यांदा म्हणवेना, म्हणून पत्र.

अक्का, मी ऑफिसातून आलेच नव्हते. मी नोकरी सोडली.

आता तू पत्र खाली ठेवशील. ठेव. पाणी पी. मग पुढे वाच.

मला कुणी काढलेलं नाही. कॉलेजात माझ्याविषयी कुणाची तक्रार नव्हती. प्रिन्सिपॉलांनी माझा अर्ज तीन दिवस खणात ठेवला आणि म्हणाले, "भ्रमरांबागारू, अजून बारा वर्षं आहेत. घरी कुणी काही बोललं का?" मी म्हटलं, घरी कुणाला माहीतच नाही. हे ऐकून ते जास्तच घाबरले.

झालं असं, की दसऱ्याच्या सुट्टीत मी शेजारच्या आदेम्माकडे जाऊन बसले होते. ती पूतरेकुलु करते, तांदळाच्या कागदासारख्या पातळ रेकुंत साखर-तूप गुंडाळून, ते तुला ठाऊकच आहे. एका दुपारी ती पाणी आणायला उठली आणि मी फडकं तांदळाच्या पातळ पिठात बुडवून तिच्या चुलीवर पालथ्या तापलेल्या मडक्यावर फिरवलं. रेकु कसला, चिंधी निघाली. पण ती चिंधी मडक्यावरून सुटून हातात आली तेव्हा मला जे वाटलं, ते बावीस वर्षांत एकाही पगाराच्या दिवशी वाटलं नव्हतं. सुट्टी संपून ऑफिसात गेले. दाखल्यांवर शिक्के मारता मारता माझा हात आपोआप फडकं फिरवल्यासारखा फिरायला लागला. समोरच्या पोराने विचारलं, मॅडम, हाताला काय झालंय? त्याच आठवड्यात अर्ज दिला.

घरी कळल्यावर हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मळ्यातून नारळाच्या वाळक्या झावळ्या ओढून आणल्या, अंगणात रचल्या आणि विचारलं, "जाळायला एवढ्या पुरतील का?" त्यांच्याकडून मला एवढंच हवं होतं.

एवढ्यावर पत्र संपवलं असतं तरी चाललं असतं. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. आणि इथे तर खरोखरच भांडंच लपवलेलं आहे.

गेल्या वर्षी आषाढात अम्माचे दिवस झाल्यावर तू तिचं रेकु काढायचं मडकं माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "हे गोदावरीत सोड. मी धुरात बसले ती तू बसू नयेस म्हणून. आता आपल्या घरातलं कुणी बसायचं नाही." मी मडकं कमरेवर घेऊन घाटावर गेले, पायरीवर बसले आणि तसंच परत घेऊन आले. गोठ्यात वैरणीच्या मागे ठेवलं. तुला सांगितलं, सोडलं. तू म्हणालीस, बरं झालं. त्यानंतर तू दोनदा येऊन गेलीस आणि दोन्ही वेळा मी तुला गोठ्याकडे फिरकू दिलं नाही, म्हैस मारकी झाली आहे म्हणून. आपली म्हैस मारकी नाही, अक्का.

आता राहिली शेवटची गोष्ट. दिवाळीनंतरच्या शुक्रवारी कामाला सुरुवात करायची ठरवली. मडकं बाहेर काढलं. त्याची पाठ काळीकुळकुळीत, हात लावला तर तेलकट. मला वाटलं, पहिला दिवस, लक्ष्मीची पूजा, असल्या काळ्या पाठीवर कुंकू कसं लावायचं? चिंच घेतली, राख घेतली, काथ्या घेतला आणि अर्धा तास घासलं. खालची लाल माती दिसेपर्यंत घासलं. समईसारखं उजळलं. हळद लावली, कुंकू लावलं, चार बायकांना बोलावलं. आदेम्माने मडकं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, कौतुकाने.

पहिलं फडकं फिरवलं. पीठ भिंतीला चुना बसावा तसं बसलं. सुटेचना. दुसरं, तिसरं, सगळं तसंच. बायका एकेक करून कामाची सबब सांगून निघून गेल्या. शेवटी आदेम्मा हळूच म्हणाली, "अम्मायी, पोरी, तो मळ नव्हता गं. तुझ्या आईने चाळीस वर्षं रोज तेलाचा बोळा फिरवून धरवलेली पाठ होती ती."

घरोघरी रेकु निघतात त्या आत्रेयपुरमात जन्मलेल्या बाईला एवढं कळू नये? पण सांग, मला कसं कळणार होतं? रेकु काढणारीच्या डाव्या हाताला शिकणारी बसते. ती जागा तुझी होती. मी उंबऱ्याच्या आत, चुलीकडे पाठ करून पुस्तक वाचत बसायची. चुलीकडे तोंड केलं तर अम्मा ओरडायची.

रावुलपालेमचा एक मिठाईवाला संक्रांतीला शंभर डबे घेईन म्हणाला आहे. जमलं तर वर्षभर घेईल, नाहीतर दुसरी बघेल, दुसऱ्या पुष्कळ आहेत. इकडे प्रत्येकीचा सल्ला वेगळा. एक म्हणते एरंडेल लाव, एक म्हणते अंड्याचं पांढरं लाव, एक म्हणते नवं मडकं आण आणि देवाचं नाव घे. अम्मा नवं मडकं कसं तयार करायची ते फक्त तुला माहीत आहे. मला रागाव, वाटेल ते बोल, पण तेवढं कळव. नोकरी गेली आणि मडकंही गेलं, असं व्हायला नको.

म्हैस खरंच व्याली आहे. ते खोटं नाही.

उंबऱ्याच्या आतली,
भ्रमरा


आत्रेयपुरम,
१८ जानेवारी

प्रिय अक्का,

नमस्कार. संक्रांत पार पडली. शंभर डब्यांतले साठच झाले. मिठाईवाल्याने तोंड वाकडं केलं, पण साठच्या साठ घेतले आणि उगादीच्या पाडव्याला पुन्हा ये म्हणाला. त्याच्या बायकोने दुकानातच एक डबा फोडला, एक पूतरेकु खाल्ली आणि नवऱ्याकडे न बघता दुसरी उचलली. मी तिथेच उभी होते. यश म्हणजे एवढंच असेल तर मला पुरे आहे.

तू गेल्यापासून महिना झाला, तरी तू आलीस तो दिवस मी रोज एकदा आठवते. पत्राचं उत्तर येईल म्हणून मी पोस्टमनची वाट बघत होते आणि फाटकात तू उभी, हातात पिशवी. कॉफी नको म्हणालीस. चप्पल काढून थेट अंगणात गेलीस, मडक्यावर तळहात फिरवलास, किती वेळ फिरवत राहिलीस, आणि मग माझ्याकडे वळून म्हणालीस,

"मडक्याला न्हाऊ घातलंस?"

मला रडू आलं आणि तुला हसू. मग तू रडायला लागलीस आणि मी हसायला. हे गोठ्यातून डोकावून परत आत गेले.

जेवताना तू सांगितलंस की पत्र वाचायला तुला चार दिवस लागले. सून वाचते म्हणाली तरी दिलं नाहीस. "तीन दिवस तर मी तुझ्या म्हशीचीच खुशाली वाचत होते. चौथ्या दिवशी मडक्याशी पोचले आणि तशीच बस धरली," म्हणालीस. नोकरीबद्दल मात्र त्या रात्री तू एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं होतं, आधी त्यावरूनच मला फैलावर घेशील.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दोघी ते मडकं घेऊन घाटावर गेलो. आता ह्याला तेल धरणार नाही, असं तू म्हणालीस. पाण्यात सोडताना ते लगेच बुडालं नाही, कलतं होऊन जरा तरंगलं. तू म्हणालीस, "जा गं अम्मा, आता तरी जा." मी दीड वर्षापूर्वी बोललेलं खोटं त्या दिवशी खरं झालं.

मग नवं मडकं, आणि सात दिवस नुसता जाळ आणि तेलाचा बोळा. पीठ भिजवायचं नाव नाही. मी दर तासाला विचारायची, झालं का? तू म्हणायचीस, "हे ऑफिस नाही, पाचला सुटायला." आठव्या दिवशी तू चुलीपुढे बसलीस, फडकं बुडवलंस, फिरवलंस, आणि रेकु उचललास. त्यातून पलीकडचं नारळाचं झाड दिसत होतं. छत्तीस वर्षांनी फडकं हातात धरलं होतंस आणि मनगट जरासुद्धा अडखळलं नाही. तुझ्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. धुराने, असं तू म्हणालीस.

मी सवयीने उंबऱ्यात उभी होते. तू मागे न बघता जमिनीवर हात आपटलास. "तिकडे काय उभी? इकडे ये. डावीकडे बस."

अक्का, मी बसले. सत्तेचाळीसाव्या वर्षी बसले. माझा पहिला रेकु जाड निघाला, मध्येच फाटला. तू तो साखर-तूप न लावता तसाच खाल्लास आणि म्हणालीस, मीठ कमी आहे. त्यात मीठ घालतच नाहीत, हे मला संध्याकाळी कळलं.

एवढं सगळं झालं, आणि तरी हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. निघताना बसस्टॉपवर तू विचारलंस, "भ्रमरा, खरं सांग. तुला ती नोकरी कधी नकोच होती का?" मी म्हणाले, "बस आली." बस आली नव्हती, अक्का. लांब वळणावर कुठलातरी ट्रक होता. तुलाही दिसला होता. तू पुन्हा विचारलं नाहीस.

आज उत्तर देते. नोकरी मला नको होती असं नाही. तिच्यावर घर उभं राहिलं, हारिका शिकली. पण आपले वडील, नान्ना, गेल्यावर तुला पाचवीतून काढून चुलीपाशी बसवलं आणि मला शाळेत घातलं, तेव्हा सगळं गाव म्हणायचं, धाकटीचं नशीब बघा. त्या धाकटीला काय हवं होतं ते कुणी विचारलं नाही. मी आत बसून तुम्हा दोघींचं हसणं ऐकायची. पहिला गरम रेकु अम्मा तुझ्या तोंडात घालायची. मला डोकं चालावं म्हणून दूध मिळायचं. त्या दुधाचा मला अजूनही तिटकारा आहे.

आणि तू काय करायचीस तेही मी चोरून बघायची. अम्माचं लक्ष नसलं की तू चुलीतली राख पुढे ओढून त्यात झावळीच्या काडीने अक्षरं गिरवायचीस. मी आत मोठ्याने धडा वाचायची, तू बाहेर तोच लिहायचीस. एके दिवशी तू उंबऱ्याशी आलीस आणि म्हणालीस, थोडा वेळ पाटी दे ना. मी दिली नाही. उराशी धरून बसले. मी सहा वर्षांची होते, पण मला सगळं कळत होतं. तू माझी जागा घेतली होतीस, म्हणून मी तुला पाटी दिली नाही. त्यानंतर तू कधी मागितली नाहीस आणि राखेत लिहिणंही बंद केलंस.

तू हे विसरली असशील. मी कॉलेजात प्रत्येक दाखला लिहिताना विसरायचा प्रयत्न केला.

तू धुरात बसलीस ते मी वाया घालवलं, असं मनात आणू नकोस. तुझ्यामुळे शिकले म्हणून आज हे लिहिता येतंय. तोंडाने मला हे कधीच सांगता आलं नसतं. तिथे नेहमी कुठलीतरी बस आली असती.

आदेम्माचा जावई तुमच्याकडे विजयनगरमला येतो आहे, त्याच्या हाती डबा देते. वरचे रेकु माझ्या हातचे आहेत. नीट बघ, नारळाचं झाड दिसत नाही, पण उजेड दिसतो. लिंबाच्या लोणच्याची बरणीही आहे. आणि सगळ्यांत खाली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, माझी पाटी आहे. अम्माच्या पेटीत सापडली. एक कोपरा फुटला आहे.

एक्केचाळीस वर्षं उशीर झाला. घे.

उत्तर तूच लिही, सुनेला सांगू नकोस. चार दिवस लागले तरी मी थांबेन.

तुझ्या डाव्या हाताला बसलेली,
भ्रमरा