मरणाचं काज

ती. आईस,
लेकीचा वाकून नमस्कार.

आई, जमलं! पेशीला मारणाऱ्या प्रथिनाचा आकार अखेर दिसला. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या होत्या, "ही शेवटची खेप. नाही जमलं तर विषय बदल." तुला कळवलं नव्हतं, उगीच जीव टांगणीला लागला असता.

ज्या जंतूंकडून आम्ही हे प्रथिन बनवून घ्यायचो, त्यांनाच ते मारून टाकायचं. मुळात या प्रथिनाला आवरून धरणारा एक तुकडा जोडलेला असतो; या खेपेला मी तो आधी तोडलाच नाही. दोन्ही जोडून वाढवले आणि बाहेर काढल्यावर कापले. बाई म्हणाल्या, "अगं, इतकं सोपं!"

मोकळी झालेली प्रथिनं कडं करून पेशीच्या आवरणाला भोक पाडतात आणि कडेला तशीच बसून राहतात, म्हणून भोक बुजत नाही. ते पाहिलं आणि तुझी काजं आठवली. कड शिवली नाही तर काज टिकत नाही, म्हणतेस ना?

आत्या म्हणाली होती, "घरातली पहिली पदवीधर, आणि शिकली काय, तर मरण!" तिला सांग, रोग शिरलेली पेशी अशी स्वतःहून मरते, म्हणून शेजारच्या वाचतात.

मी वेळेवर जेवते. बरं, बहुतेक वेळा. बाबांचा खोकला थांबला का? खरं सांग. आणि तू डोळे दाखवून आलीस का?

सोबत चित्र आहे. शिलाई मशीनजवळ लाव. गिऱ्हाइकाने विचारलं, हे कसलं काज, तर सांग, हे जगात सगळ्यांत आधी माझ्या लेकीने पाहिलं.

तुझीच,
शेंडेफळ